‘कोसला’ ही केवळ वसतिगृहातल्या मुलांची कादंबरी आहे का?

प्रश्न : माझे वय ५४ आहे आणि आमच्या वाचनमंडळातल्या बहुतेक जणी माझ्याच वयाच्या आहेत. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ मी सुचवली, तेव्हा ‘ते कॉलेजातल्या बंडखोर मुलांचे पुस्तक आहे, त्यात आपले काय?’ असे उत्तर मिळाले. ही समजूत कितपत खरी आहे?

प्रतिसाद १ : समजूत अगदीच निराधार नाही. १९६३ साली ही कादंबरी आली तेव्हा नेमाडे स्वतः पंचविशीत होते आणि खानदेशातून पुण्याला शिकायला आलेला त्यांचा पांडुरंग सांगवीकरही पंचवीस वर्षांचा. त्याचे ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ तरुणांनी इतके उचलले की पुस्तकाची ओळख त्या लकबीपुरतीच उरली. मीही विशीत वाचताना स्वतःलाच शोधत होतो. मुलगा कॉलेजात गेल्यावर पुन्हा वाचली, तेव्हा मात्र वडील आणि मुलगा यांच्यातला तो अवघडलेला, पैशांच्या व्यवहारातूनच बोलणारा दुरावा मला दोन्ही बाजूंनी सोसवेना.

प्रतिसाद २ : मी तर म्हणेन, मनीसाठी वाचा. पांडुरंगची ही धाकटी बहीण देवीच्या रोगाने जाते आणि इतका वेळ प्रत्येक गोष्टीकडे तिरकसपणे पाहणाऱ्या या निवेदकाला तिथे आडोसाच उरत नाही. एवढ्याशा मुलीबरोबर तिच्यापासून पुढे वाढू शकली असती ती सगळी वंशवेल थांबली, हा त्याचा विचार वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. ज्या घराने लेकरू गमावले आहे, त्या घराला ही पाने कोणी समजावून सांगावी लागत नाहीत.

प्रतिसाद ३ : वरील मताशी सहमत आहे, तरी एक उणीव आधीच सांगितलेली बरी. यातल्या बायका आपल्याला पांडुरंगच्या नजरेतूनच दिसतात. आईचे मन तिच्या बाजूने कळत नाही. तुमच्या मंडळात नेमकी हीच चर्चा रंगेल असे वाटते, कारण त्या घरात आईला काय वाटले असेल हे विशीतला वाचक क्वचितच विचारतो. वसतिगृहाचा भाग लांबल्यासारखा वाटला तरी तो गाळू नका. त्या रिकामपणाशिवाय पुढचे गावी परतणे कळत नाही.

प्रश्नकर्ती : आभारी आहे. मंडळात मनीचा भाग मोठ्याने वाचून दाखवीन आणि मग पुन्हा विचारीन.