मदत हवी आहे: नहाणी ट्रॅपची गळती, तेवढंच फोडावं की अख्खं बाथरूम?

नमस्कार मंडळी. ठाणे, जुनी इमारत. वरच्या बाथरूमची ओल आमच्या छतात, नेमकी ट्रॅपच्या (लादीतल्या जाळीखालचं सांडपाण्याचं भांडं) पाइपभोवती. पोपडे सुटलेत, पांढरा क्षार बोट लावताच भुकटी होऊन गळतो, एका जागी गंजलेली सळई उघडी पडली आहे. एप्रिलमध्येही ओल तशीच, म्हणजे पावसाचा संबंध नाही.

वरच्या काकांनी तपासण्या करू दिल्या. नळाच्या लाइनला प्रेशर पंप रात्रभर लावला, काटा हलला नाही. ट्रॅपला बूच मारून लादीवर दोन इंच रंगीत पाणी २४ तास साठवलं, खाली रंग नाही. बूच काढून चार बादल्या ओतल्या की अर्ध्या तासात पाइपच्या कडेने थेंब.

एक शंका: सन्कनमध्ये (बाथरूमखालचा खोलगट स्लॅब) विटांचा भराव आहे, पाणी आधी तोच पितो. मग २४ तास पुरेसे होते का? ४८ किंवा ७२ करावेत?

एक ठेकेदार नुसते लाद्यांचे सांधे इपॉक्सीने भरू म्हणतो (ट्रॅपच गळत असेल तर उपयोग काय?). दुसरा ट्रॅपभोवती दोन बाय दोन फूट फोडून ट्रॅप बदलणार, भोवती नॉन-श्रिंक ग्राउट (सुकताना न आकसणारं सिमेंटचं मिश्रण) आणि वर वॉटरप्रूफिंगसाठी पॉलिमर कोटिंगचे दोन हात. तिसऱ्याला सगळंच उखडायचंय.

दुसऱ्या पर्यायात जुन्या-नव्या वॉटरप्रूफिंगचा जोड टिकतो का? कोटिंग जुन्यावर किती इंच चढवावं? आणि छत किती सुकल्यावर सळईला गंजरोधक व पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंट-वाळूचा माल) लावावं? खर्च काका देणार आहेत, तो वाद नाही.