मदत हवी आहे: माणूस-बेडूक सोडून इतर प्राण्यांतली केंद्रक-छिद्रं

सोलापुरात एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या सेमिनारसाठी केंद्रक-छिद्रांच्या (केंद्रकाच्या आवरणातल्या, रेणूंची ये-जा होणाऱ्या छिद्रांच्या) रचनेची तुलना करतोय. माणूस आणि झेनोपस बेडूक यांचं जमलंय: आठ आऱ्यांची सममिती, साधारण 30 प्रकारची न्यूक्लिओपोरिन (छिद्र घडवणारी) प्रथिनं, वाय-कॉम्प्लेक्सच्या (इंग्रजी Y आकाराच्या प्रथिन-समूहाच्या) 32 प्रती, केंद्रकाकडच्या कड्यात 16, पेशीद्रवाकडच्या कड्यात 16. यीस्टचंही वाचलं, पण तो प्राणी नव्हे, सर लगेच धरतील. पाठ्यपुस्तकातली टोपलीवाली आकृती कृपया सुचवू नका, ती सगळ्यांकडे आहे. प्रोटीन डेटा बँक आणि ईएमडीबी (रेणूंच्या रचनांचे ऑनलाइन संग्रह) चाळून झालं. पुन्हा पुन्हा माणूस नाहीतर बेडूकच समोर येतो. पैसे भरून पेपर घेणं परवडणारं नाही. फळमाशी किंवा सी. एलेगन्स या गोलकृमीमध्येही वाय-कॉम्प्लेक्सची कडी दुहेरीच (प्रत्येक बाजूला आठ-आठ प्रतींची दोन) असतात का, आणि ते दाखवणारा क्रायो-ईएम (गोठवलेल्या नमुन्याच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा) डेटा मोफत कुठे मिळेल?