घरच्या सोयाबीनची उगवण ५८ टक्के, पेरावं का?

देपालपूरकर:
काळी जमीन, ५ एकर. गेल्या हंगामातलं जे. एस. ९५-६० वाणाचं सोयाबीन घरीच ठेवलंय. ओल्या बारदानात १०० दाणे ठेवले, ५८ नीट उगवले. हेच पेरलं तर एकरी किती लागेल? की मंडीत विकून नवं आणू?

काळी_माती:
दादा, आधी चाचणी पुन्हा घ्या. एकाच पोत्यातले वरचे दाणे घेतले असतील तर आकड्यावर भरवसा नको. प्रत्येक पोत्यातून वरचे, मधले, तळाचे दाणे काढून मिसळा आणि न निवडता शंभर-शंभरचे चार वाटे करा. बारदान भिजवून पिळून घ्या. पाणी साचलं की दाणा कुजतो. गुंडाळी सावलीत ठेवा, वाळू देऊ नका. ५ ते ७ दिवसांनी मूळ आणि कोंब दोन्ही धड असलेलेच मोजा. दाणे आधी रात्रभर भिजवू मात्र नका. सुकं सोयाबीन एकदम पाणी ओढतं, आतून चिरतं आणि चांगलं बियाणंही नापास ठरतं.

मळणीवाले:
९५-६० चा दाणा टपोरा, साल पातळ. थ्रेशर गव्हाच्या वेगानं चालवलं की मार बसतो. ड्रमचे फेरे मिनिटाला ३५०-४०० च्या वर नकोत. पोत्यांची उंच थप्पी लावली तरी खालचं बियाणं दबतं. खात्रीसाठी १०० दाणे पाण्यात ५ मिनिटं ठेवा: जे लगेच टम्म फुगतात त्यांची साल चिरलेली. स्पायरल ग्रेडरनं (गोल दाणे वेगळे करणारं यंत्र) डाळ झालेले निघतील, पण बारीक चिरेचे तसेच राहतील.

सांवेर_शेती:
हिशेब सोपा आहे. ७० टक्के उगवणीला एकरी ३० किलो, तर ५८ ला ३० × ७० ÷ ५८, म्हणजे साधारण ३६ किलो. पण उगवण कमी तिथे कोंबाचा जोरही कमी, आणि पेरणीनंतर जमिनीवर पापडी धरली की असा कोंब वर येत नाही. म्हणून पुन्हा ६० च्या आत आली तर मी तरी पेरा म्हणणार नाही. नव्या वाणाची चौकशी इंदूरला खंडवा रोडवरच्या सोयाबीन संशोधन संस्थेत करा.

पेरलंच तर १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर, ३ सेंटिमीटर खोल, त्याहून खोल नाही. बियाण्याला आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, आणि पेरणीच्या तोंडावर सावलीत रायझोबियम (नत्र देणारे जिवाणू) व पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू), ही दोन्ही जिवाणू-खतं प्रत्येकी किलोला ५ ग्रॅम. हातानं चोळू नका, साल सुटते. ड्रममध्ये हलकं फिरवा.

देपालपूरकर:
चार वाटे आजच लावतो. औषध लावलेलं उरलं तर मंडीत चालेल का?

सांवेर_शेती:
अजिबात नाही, ढोरांनाही घालू नका. ते विषारी असतं. एका दिवसात पेरून होईल तेवढ्यालाच औषध लावा.