मदत हवी आहे: नागपूरच्या उन्हात मुरुमांवर डॉक्सीसायक्लिनची (अँटिबायोटिक) गोळी की नुसतं जेल?

मध्यम मुरुमं, गालावर आणि पाठीवर लाल फोड. डॉक्टरांच्या चिठ्ठीत रात्री ॲडापॅलीन ०.१ टक्के जेल, सकाळी बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के (टॉवेल पांढराच ठेवा, रंग उडतो) आणि डॉक्सीसायक्लिन १०० मिग्रॅ रोज. जेल वाटाण्याएवढं, कोरड्या चेहऱ्यावर. फरक दिसायला ८ ते १२ आठवडे, आधी सालं निघतातच. पाठभर जेल चोपडणं कठीण, तिथे गोळी बरी. पण गोळीने ऊन बाधतं, आणि मे महिन्यात इथे पारा ४५ला टेकतो! गोळी ३ महिन्यांच्या आतच थांबवायची, जेलशिवाय नुसती घ्यायची नाही, हे ठाऊक आहे. मग पाऊस लागेपर्यंत जेलवरच भागवावं का? की तोवर खड्डे पडतील? त्वचारोगतज्ज्ञ, फार्मासिस्ट मंडळी, सांगा ना.