उत्तर: कृष्णवर्णीय खेळाडूंची पहिली लीग १९२० चीच का?

असं म्हटलं जातं की अमेरिकेत कृष्णवर्णीय खेळाडूंची पहिली बेसबॉल लीग १९२० साली रूब फॉस्टरने काढली. टिकलेली पहिली म्हणा, मग मान्य. पण त्याआधी १८८७ मध्ये पिट्सबर्गच्या वॉल्टर ब्राउनने अशी लीग उभी केली होती. तिला 'नॅशनल अ‍ॅग्रीमेंट'खाली (बेसबॉल लीगांमधला आपसातला करार) मायनर लीग, म्हणजे दुय्यम दर्जाची लीग, म्हणून रीतसर मान्यताही होती, म्हणजे एका संघाने करारबद्ध केलेला खेळाडू दुसऱ्या संघाला परस्पर पळवता येणार नव्हता. ६ मे रोजी पिट्सबर्गमध्ये मिरवणूक निघाली, बँड वाजला आणि पहिल्या सामन्यात न्यूयॉर्कच्या गोरहॅम्सनी यजमान कीस्टोन्सना ११-८ ने हरवलं. जेमतेम दोन आठवड्यांत सगळं बंद! गल्ल्यात पैसाच नव्हता. बॉस्टनचा रेझोल्यूट्स संघ खेळायला पार लुईव्हिलपर्यंत गेलेला, तो तिथेच अडकला. परतीच्या भाड्यासाठी त्या खेळाडूंना वेटरची कामं करावी लागली. हे वाचताना आजही जीव तुटतो.

आणि "त्या लीगमधून काहीच उरलं नाही" असं कुणी म्हणत असेल, तर ते मुळीच पटत नाही. कीस्टोन्सकडून खेळणारा सोल व्हाइट तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा. त्यानेच पुढे १९०७ मध्ये कृष्णवर्णीयांच्या बेसबॉलचा इतिहास लिहिला आणि २००६ मध्ये त्याला बेसबॉलमधल्या थोरांच्या हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळाली. लीग बुडाल्यावर दोनच महिन्यांत, १४ जुलैला, गोऱ्यांच्या इंटरनॅशनल लीगने (जिथे तोवर काही कृष्णवर्णीयही खेळत) कृष्णवर्णीयांचे नवे करार मंजूर न करण्याचं ठरवलं. म्हणजे स्वतःची लीग गेली आणि दुसरीकडचं दारही लागलं, एकाच उन्हाळ्यात.