कुई न्योनहून पुढे: समुद्र धरून सायगाव, की घाट चढून लाओस?

चाक_आणि_चहा:
नमस्कार मंडळी. व्हिएतनाममध्ये एकटीच सायकलवर आहे. हुएपासून किनारा धरून खाली येतेय, सध्या मुक्काम कुई न्योन. या दिवसांत वारा ईशान्येचा, म्हणजे दक्षिणेकडे जाणाऱ्याच्या पाठीवर. हाय वान घाटाची (४९६ मीटर) उगाच धास्ती घेतली होती. २००५ पासून बहुतेक ट्रक बोगद्यातून जातात आणि सायकलला बोगद्यात बंदी, त्यामुळे वर गर्दी फार नव्हती.

आता अडचण. मूळ बेत असा: सायगाव (हो चि मिन्ह शहर), मग मेकाँगचा सखल मुलूख, 'हा तिएन' गावच्या नाक्यावरून कंबोडिया, तिथून थायलंड, आणि मार्चअखेर बँकॉकहून मुंबईचं विमान. तिकीट काढून बसलेय. पण २०२५ च्या लढाईपासून थायलंड-कंबोडिया नाके बंद आहेत. बँकॉकला जमिनीवरूनच जायचं तर लाओसला वळसा घालावा लागतो. आणि तो रस्ता नेमका इथून फुटतो: महामार्ग १९ ने आन खे आणि मांग यांग हे दोन घाट चढून प्लेइकू, मग कोन तुम, बो यी नाका, पलीकडे लाओसमध्ये पाक्से आणि चोंग मेकला थायलंड. खाली निघून गेले की परत इथे यायचं म्हणजे तोंडावर वारा.

इथेच वळू का? समुद्र सोडवत नाही, खरं सांगायचं तर. दुपारी झोपाळ्यांच्या कॅफेत थांबते, तिथल्या मावशी न विचारता बर्फाचा चहा आणून ठेवतात. कालच्या मावशींनी आधी माझ्या मागच्या टायरवर अंगठा दाबून पाहिला, नापसंतीने मान हलवली आणि पंप आणून दिला. चहाचे पैसे घेतले, हवेचे नाही.

शिवाय १७ फेब्रुवारीला टेट, म्हणजे त्यांचं नववर्ष. तेव्हा कुठे असावं? मी शाकाहारी आहे.

सायगावचा_सातारकर:
ताई, तिथे वळू नका. आतापर्यंत पाहिलात तो किनारा चांगला, पण खरी मजा पुढेच आहे.

कुई न्योनमधून बाहेर पडताना महामार्ग १ ला लागायचं नाही, १डी धरा. चढउतार आहेत, पण डावीकडे समुद्र राहतो. पुढे गान्ह दा दिया चुकवू नका. बसाल्टचे षट्कोनी खांब, अंधेरीच्या गिल्बर्ट हिलच्या जातीचे, फक्त इथे लाटा थेट त्यांच्यावर फुटतात. त्यानंतर मुई दियेनचं दीपगृह. आणि न्हा त्रांगच्या खाली विन्ह हीवरून फान रांगकडे जाणारा ७०२ नंबरचा रस्ता! एका बाजूला नुई चुआचे कोरडे डोंगर, दुसरीकडे पाणी. पाणी भरपूर भरून घ्या, देशातला सगळ्यात कमी पावसाचा भाग तो.

तिथून लाओसला जायचं तर सायकल स्लीपर बसच्या डिकीत टाका आणि प्लेइकू गाठा. पुढचं चाक काढायचं, भाडं आधी ठरवायचं. आधी! चढल्यावर विचारलंत तर कंडक्टर सांगेल तो आकडा. रेल्वेने पाठवायच्या फंदात पडू नका, सायकल मालगाडीच्या हिशेबाने जाते, तुम्ही पोचाल आणि ती दोन दिवसांनी.

आणखी एक. १ जुलै २०२५ पासून प्रांत एकत्र केलेत. फू येन कागदावर डाक लाकमध्ये गेलाय, निन्ह थुआन खान्ह होआमध्ये. लोकांच्या तोंडी अजून जुनीच नावं आहेत, पत्ता शोधताना दोन्ही टाकून बघा.

घाटमाथ्यावरचा:
सातारकरांशी अर्धा सहमत. किनारा सोडू नये हे बरोबर, पण लाओसचा हट्ट कशाला? मूळ बेतच चालू ठेवा. हा तिएन ओलांडलं की केप, कंपोत. कंपोतची मिरी, नदीकाठ, सपाट रस्ते. तिथून नोम पेन्ह आणि विमानाने बँकॉक. सायकलच्या दुकानात रिकामं खोकं मागितलं तर बहुतेक जण असंच देऊन टाकतात. जमिनीवरूनच जायचं हा नियम तुम्हीच केलात ना, तुम्हीच मोडा. थायलंडचं आगमन कार्ड मात्र आता ऑनलाइन भरावं लागतं, ते उतरण्याआधी उरका.

मुगाची_खिचडी:
फक्त जेवणाबद्दल. पाटीवर 'चाय' शब्द दिसला की आत शिरायचं, चहा नव्हे, शाकाहारी. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास, तिथले कितीतरी लोक मांस खात नाहीत, त्या दिवशी पर्याय भरपूर. एरवी भाज्यांच्या सुपातही मासळीचा सॉस असतोच, विचारून घ्या. टेटला बरीच दुकानं बंद असतात आणि बस-रेल्वेची तिकिटं आठवडे आधी संपतात. त्या दिवसांत मोठ्या गावात राहा, हलू नका.

चाक_आणि_चहा:
सगळ्यांचे आभार. उद्या १डी ने निघते. टेट न्हा त्रांगलाच काढते, पो नगरची चाम देवळं (चाम म्हणजे या किनाऱ्यावरचे जुने रहिवासी) निवांत बघता येतील. मग ७०२ ने फान रांग: पो क्लोंग गरायला राजाचा चेहरा कोरलेलं शिवलिंग आहे, चाम लोक अजून पूजा करतात, ते बघायचंच आहे. आणि तिथली द्राक्षंही. नाशिकच्या माणसाने दुसऱ्याच्या द्राक्षांना बरं म्हणणं अवघड, तरी खाऊन बघते.

घाटमाथ्यावरचे दादा, विमानाचं तुमचं म्हणणं पटलं नाही. खोक्यात सायकल भरायची ती एकदाच, बँकॉकला. फान रांगहून बसने प्लेइकू, पुढे पेडल मारत लाओस, हे ठरलं. सातारकर, "सायकलचं भाडं आधी सांगा, नंतर वाढवायचं नाही" हे व्हिएतनामीत लिहून पाठवता का? फोनवर दाखवते कंडक्टरला.