मदत हवी आहे: जुनी मराठी वाचताना शब्द अडतात. थांबून बघावेत की पुढे जावं?

नमस्कार मंडळी,

सध्या बखरी आणि पेशवेकालीन पत्रं मुळातून वाचायला घेतली आहेत. त्या माणसांचं म्हणणं त्यांच्याच भाषेत वाचावं अशी फार दिवसांची इच्छा होती. पण गाडी पानोपानी अडते. कोश उघडून शब्द सापडेपर्यंत मागचं वाक्य डोक्यातून निघून जातं, आणि पत्र कुणी कुणाला लिहिलंय इथपासून पुन्हा सुरुवात करावी लागते. न बघता रेटत गेलं तर दोन पानांनी लक्षात येतं की मूळ प्रकरण काय होतं तेच कळलेलं नाही.

त्यातही साफ अनोळखी शब्दांचा त्रास कमी. ते निदान डोळ्यांत खुपतात. ओळखीचे वाटणारे शब्द जास्त फसवतात. ‘त्यास सरंजाम लावून दिला’ या धाटणीचं वाक्य घ्या. आज सरंजाम म्हटलं की सामानसुमान, जय्यत तयारी डोळ्यांपुढे येते आणि त्या अर्थानेही वाक्य बिनबोभाट वाचून होतं. तिथे मात्र अर्थ असतो फौज बाळगण्यासाठी लावून दिलेला मुलखाचा महसूल. सरदाराला तंबू-राहुट्या मिळाल्या की प्रदेशाचं उत्पन्न मिळालं, यावर पुढचं सगळं राजकारण अवलंबून! असे किती शब्द नजरेखालून निसटत असतील, याची मला खरंच काळजी वाटते.

दुसरी अडचण कोशातल्या शोधाची. ऑनलाइन कोशात शब्द जसाच्या तसा टाकला तर बहुतेक वेळा काहीच हाती लागत नाही.

तुम्ही वाचता वाचता कसं ठरवता, कोणता शब्द बघायचा आणि कोणता सोडायचा? आणि एकदा बघितलेला शब्द पुढच्या वेळी पुन्हा परका वाटू नये म्हणून काय करता? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

प्रतिसाद १

मी पत्र आधी एकदा न थांबता शेवटपर्यंत वाचते, हातात फक्त पेन्सिल. अडलेल्या शब्दाखाली बारीक रेघ मारायची आणि पुढे जायचं. मायना, मजकूर, शेवट असा सांगाडा कळला की दुसऱ्या वाचनात निम्म्या रेघांची गरजच उरत नाही, कारण तीच गोष्ट पुढच्या ओळीत वेगळ्या शब्दांत आलेली असते. उरलेल्यांपैकी क्रियापदं आणि देण्याघेण्याचे, हुद्द्यांचे शब्द आधी बघते. विशेषणं, कापडांची किंवा दागिन्यांची नावं खुशाल सोडते. ‘काहीतरी भारी कापड’ एवढं कळलं तरी पत्र पुढे सरकतं. ‘काहीतरी केलं’ एवढ्याने सरकत नाही.

ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांसाठी एकच खूण सांगते. वाक्य व्याकरणाने बरोबर आहे, पण अशा प्रसंगी कुणी असं का लिहील, हा प्रश्न पडला की त्यातल्या सगळ्यात सोप्या शब्दावर संशय घ्यायचा. हे फक्त जुन्या मजकुरापुरतं नाही. ‘माझ्या अपरोक्ष’ हे आज सर्रास ‘माझ्या पाठीमागे’ या अर्थाने वापरतात. मूळ अर्थ नेमका उलटा, म्हणजे समक्ष. वेदान्तावरच्या ग्रंथात ‘अपरोक्ष ज्ञान’ आलं आणि आजचा अर्थ मनात धरला, तर प्रतिपादन उलटंपालटं होतं.

प्रतिसाद २

शोधाबद्दल. आधी विभक्तीचा प्रत्यय काढा, मग सामान्यरूप मोडून मूळ शब्दाकडे या: घोड्यास टाकू नका, घोडा टाका. जुन्या कोशांत क्रियापदं ‘करणें’, ‘देणें’ अशी शेवटी अनुस्वार देऊन छापली आहेत. शुद्धलेखनाचे आजचे नियम 1962 चे, त्यांत 1972 मध्ये भर पडली, म्हणून अनुस्वार घालून आणि ऱ्हस्व-दीर्घ बदलूनही शोधून बघा. मोल्सवर्थच्या कोशाची 1857 ची दुसरी आवृत्ती आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. दरबारी शब्दांसाठी माधवराव पटवर्धन, म्हणजेच माधव जूलियन, यांचा फार्शी-मराठी कोश हाताशी ठेवा.

प्रतिसाद ३

किती शब्द अडले तर चालतं, याला थोडाफार आधार आहे. हू आणि पॉल नेशन यांनी 2000 साली इंग्रजी वाचणाऱ्यांवर अभ्यास केला होता. कुणाच्या मदतीशिवाय मजकूर नीट कळायला सुमारे 98 टक्के शब्द ओळखीचे लागतात, असं त्यातून दिसलं. म्हणजे 50 शब्दांत एक अनोळखी. मराठीत शब्दाला प्रत्यय चिकटतात, त्यामुळे हा आकडा तसाच्या तसा लावू नये. पण एका परिच्छेदात पाच-सहा अडत असतील तर दमछाक होणारच, त्यात तुमची कुवत कमी असं काही नाही. काही दिवस टिपा असलेली संपादित आवृत्ती वाचा.

धागाकर्ता

मनापासून आभार. एक लांब पत्र पेन्सिल घेऊन वाचलं. मारलेल्या रेघांपैकी बऱ्याच दुसऱ्या वाचनात खोडता आल्या, आणि ‘अनुस्वार घाला’ या एका सूचनेने कोश एकदम बोलायला लागला. पण पत्रांच्या सुरुवातीला ‘सन इहिदे सितैन मया व अलफ’ असं काहीतरी येतं, ते संदर्भाने अजिबात उलगडत नाही. याचं काय करायचं?

प्रतिसाद १

त्याचा अंदाज करू नका, ते आकडे आहेत. शुहूर सन ही त्या काळच्या पत्रांतली कालगणना. तिचं वर्ष अरबी संख्यांच्या नावांनी लिहीत, एकम् आधी. इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. म्हणजे 1161. हे वर्ष मृगापासून सुरू होतं. त्यात मृगापासून वर्षअखेरपर्यंत 599 आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600 मिळवले की इसवी सन येतो. तुमचं पत्र 1760-61 चं, पानिपतच्या धामधुमीतलं! इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सित, सबा, समान, तिसा आणि मग दशकं, एवढी यादी मुखपृष्ठाच्या आत लिहून ठेवा. महिन्यांची, हुद्द्यांची, वसुलाच्या शब्दांचीही तशीच करा. हे मोजके शब्द प्रत्येक पत्रात फिरून फिरून येतात, म्हणून पाठही लवकर होतात. आता पत्रावर चंद्र, म्हणजे मुसलमानी महिन्याची तारीख, आणि महिना काय दिलाय ते इथे टाका, तारीख मिळून काढू.